मासा दमला नव्हता

नोव्हेंबर अर्धा उलटला तरी मुश्ताकच्या बोटीला आठवड्याला दोनच फेऱ्या मिळत होत्या. अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरातून हौशी लोकांना मोठ्या मासळीच्या शिकारीला नेणाऱ्या बोटी मागल्या वर्षी पाच होत्या, त्या आता अकरा झाल्या होत्या. गिऱ्हाईक मोबाइलवर बघून बोट ठरवायचं. मुश्ताकच्या बोटीखाली कुणीसं लिहून ठेवलं होतं की कॅप्टन खडूस आहे, निघण्याआधी अर्धा तास शाळा घेतो, आणि बोटीजवळ आलेला मासा फोटो न काढू देता दोरी कापून सोडून देतो.

त्यात खोटं काही नव्हतं.

"मुश्ताकभाई, हे वाचलंत?" अजीजने फोन पुढे केला. अजीज श्रीवर्धनचा. अरबाबच्या, म्हणजे बोटीच्या मालकाच्या ऑफिसात बुकिंग बघायचा. मुश्ताकहून वीस वर्षांनी लहान.

"वाचलं."

"अरबाब रोज विचारतो. बाकीच्या बोटी फुल, आपलीच रिकामी का? मी काय सांगू? आपला कॅप्टन कस्टमरला घाबरवतो म्हणून?"

"घाबरवत नाही. काय होऊ शकतं ते सांगतो."

"तेच ना. लोक मजा करायला येतात, भाई." अजीजने फोन खिशात टाकला. "शनिवारी एक पार्टी आहे. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतली. आपलीच माणसं, मराठी. मुलगा वडलांना घेऊन येतोय. त्यांना खूश करून पाठवा. एक चांगला फोटो, खलास. नाहीतर अरबाब पुढच्या महिन्यापासून दुसरा कॅप्टन बघणार. तुम्हाला अंधारात ठेवत नाही, स्पष्टच सांगतो."

चोपन्न वर्षांचा मुश्ताक टेबलासमोर उभा होता. बाजूची खुर्ची रिकामी होती. अजीजने ती दाखवली नाही आणि मुश्ताकनेही ओढून घेतली नाही. तो "बरं" म्हणून बाहेर पडला.

प्रथमोपचाराच्या पेटीचं खूळ त्याच्या डोक्यात चौदा वर्षांपूर्वी शिरलं होतं. तेव्हा तो फुजैऱ्याच्या एका मासेमारी लाँचवर होता. दाभोळच्या एका खलाशाचा पाय दोराच्या फेऱ्यात सापडला. लाँचवर बांधायला एक लुंगी होती, दुसरं काही नव्हतं. किनारा लागायला चार तास लागले. नंतर फळ्यांमधलं रक्त खरवडून काढायचं काम मुश्ताककडेच आलं होतं. त्याने ते दोन दिवस केलं. मग सुट्टीच्या दिवशी फुजैऱ्याला जाऊन प्रथमोपचाराचा वर्ग केला, पुढल्या वर्षी पुन्हा केला, आणि एकेक वस्तू आणून नारिंगी रंगाची एक पेटी भरली. रक्त थांबवायला हातपाय आवळायचे काळे पट्टे, रक्त गोठवणाऱ्या पावडरीच्या पट्ट्या, जाड कात्री, शिट्टी, आरसा, धुराच्या नळकांड्या, वायरलेसची जादा बॅटरी, साखर. विषारी काटा लागला तर हात कढत पाण्यात धरावा लागतो, म्हणून त्याची बायको बिलकीस रोज पहाटे नमाज झाली की एक थर्मास भरून द्यायची. फेरी संपली की ते पाणी भांडी घासायला वापरायची.

बिलकीस हर्णैची. बोटीवर दुसरा हात होता तो तिचा धाकटा भाऊ मुनीर. आईच्या अंगावर घरकाम असायचं, म्हणून या भावाला बिलकीसनेच कडेवर वागवलं होतं. बाविसाव्या वर्षी मुश्ताकने त्याला इकडे आणलं. आता तो चाळिशीचा झाला होता. दोनदा लग्न ठरलं, दोनदा मोडलं, मग त्याने तो विषयच सोडला. बंदरामागच्या दोन खोल्यांच्या जुन्या घरात बहीण, भावजी आणि भाची हिबा यांच्यात तो अठरा वर्षं राहत होता. बाहेरच्या खोलीतला दिवाण त्याचा.

दर गुरुवारी दुपारी मुश्ताक धक्क्याला बांधलेल्या बोटीवर सराव घ्यायचा. जखमी माणूस व्हायचं काम मुनीरचं.

"भावजी, आज कुठे लागलंय मला?" तो डेकवर उताणा पडून विचारायचा.

"डावी मांडी. बोलू नकोस, तू बेशुद्ध आहेस."

"बेशुद्ध माणसाला भूक लागते का?"

मुश्ताक पट्टा काढायचा, मांडीच्या वर चढवायचा, पिळायचा. मुनीर दात आवळायचा, कारण पीळ खराच बसायचा. सतरा वर्षांची हिबा धक्क्यावर पाय सोडून फोनवर वेळ लावायची.

"थर्टी एट सेकंड्स, अब्बा."

"मागल्या वेळी?"

"थर्टी फाइव्ह. यू आर गेटिंग स्लो."

शेजारच्या बोटीवरचे खलाशी हसायचे. मुनीरही हसायचा. पण मुश्ताकने सांगितलेलं तो सगळं करायचा. हातमोज्यांशिवाय तारेला हात लावायचा नाही. चाकू कायम कमरेला. आणि मासा दमल्याशिवाय बोटीला घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम मुश्ताक प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. ज्या माशासाठी लोक यायचे त्याच्या पाठीवर शिडासारखा पंख आणि तोंडापुढे भाल्यासारखी चोच असते. माणसाएवढा लांब, आणि उडी मारली तर कुठे पडेल याचा भरवसा नाही. अंगावरच्या निळ्या रेघा पेटलेल्या दिसतात तोवर तो ताजा. रेघा विझून अंग तपकिरी पडलं की दमला.

शनिवारी साडेसहाला मुलगा आणि वडील आले. मुलगा दर्शन, अडतिसेक वर्षांचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असावा. वडील वसंतराव, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, डोक्याला पांढरी टोपी. मुश्ताक हर्णैचा म्हटल्यावर म्हातारा खुलला.

"अहो, आम्ही दापोलीला दरवर्षी यायचो. हर्णैच्या लिलावात मी स्वतः सुरमई घेतलीय. दर्शन, ऐकलंस का? आपल्याकडचेच आहेत हे."

"ग्रेट," दर्शन म्हणाला. "बाबांचा सत्तरावा वाढदिवस झाला परवा. मंगळवारी परत जातायत. म्हटलं एकदा त्यांना मोठा मासा धरू दे. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो गेला पाहिजे."

मुश्ताकने दोघांना लाइफ जॅकेट घातलं, पट्टे स्वतः ओढून पाहिले. पेटी उघडून दाखवली. पण त्या दिवशी तो दहा मिनिटांतच थांबला. इंजिन सुरू करताना मुनीर त्याच्या कानाशी आला.

"आज शाळा लवकर सुटली."

"दोरी सोड," मुश्ताक म्हणाला.

समुद्र सपाट होता. डोंगर मागे निळे पडत गेले. चौदा मैल बाहेर त्यांनी चार दोऱ्या मागे सोडल्या आणि सावकाश फिरत राहिले. मुनीरने म्हाताऱ्याला सावलीत बसवलं, बिलकीसने दिलेल्या तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि चटणी दिली. म्हाताऱ्याने चवीने खाल्ली.

दहाच्या सुमाराला उजवीकडचा रॉड वाकला आणि रीळ ओरडायला लागलं. दूर पाण्याबाहेर मासा पूर्ण उभा राहिला, काळ्या पंखासकट, आणि आडवा पडला. वसंतरावांच्या कमरेला पट्टा बांधून मुनीरने रॉड त्यांच्या हातात दिला. वीस मिनिटं म्हातारा झगडला. टोपी पडली, हात कापायला लागले, तेव्हा दर्शनने रॉड घेतला. एवढ्यात मासा वळला आणि आपणहून बोटीकडे आला. दोरी सैल पडली, दर्शनने भराभर गुंडाळली, आणि दोरीच्या शेवटाची दोन वाव लांब जाड तार पाण्याबाहेर दिसायला लागली. तारेच्या टोकाला मासा होता. निळ्या रेघा लखलखत होत्या.

"कॅप्टन, आला, आला! धरा ना. एक फोटो फक्त."

"अजून जाऊ दे त्याला," सुकाणूपाशी उभा राहून मुश्ताक म्हणाला. "एक फेरी मारू दे."

"सुटला तर? प्लीज, कॅप्टन. बाबा पुन्हा कधी येणार? तुमच्याबद्दल ऑनलाइन वाचून मी खरं तर दुसरी बोट घेणार होतो. अजीजभाई म्हणाले फोटो नक्की मिळेल."

"राहू दे रे," वसंतराव धापा टाकत म्हणाले.

मुनीर मागच्या कडेला गुडघे टेकून बसला होता, हातमोजे घातलेले. त्याने मान वळवून मुश्ताककडे पाहिलं.

"भावजी, ताजा आहे अजून."

दर्शनने रॉड एका हातात धरून दुसऱ्या हाताने फोन बाहेर काढला होता. मुश्ताकने तो फोन पाहिला.

"धर," तो म्हणाला.

मुनीरने तार हाताला गुंडाळली आणि ओढली. मासा खाली गेला. मुनीरचा खांदा ताणला गेला, त्याने तार सोडली नाही. मग ताण एकदम गेला. मासा बोटीखालून वळून वर येत होता. मुश्ताकने "सोड" म्हटलं तेव्हा तो हवेत होता. मागची कड ओलांडून तो मुनीरच्या अंगावर आला, दोघं डेकवर पडले, माशाचं शेपूट दोनदा फळीवर आपटलं, आणि मागच्या दारातून तो घसरून पाण्यात गेला. सगळं दोन श्वासांत झालं.

मुनीर उठून बसला. जॅकेटच्या खाली, जिथे मांडी पोटाला मिळते तिथे डाव्या बाजूला, पँटला बोटभर भोक होतं. त्याने त्यावर हात ठेवला. हात बाजूला केला तसं रक्त उसळलं.

मुश्ताकने पेटी उघडली. कात्रीने पँट फाडली, पट्टा काढला आणि तिथेच त्याला कळलं की पट्टा बांधायला जागाच नाही. मांडीला बांधता येतो. इथे वर नुसतं पोट होतं. त्याने पावडरीची पट्टी बोटाने जखमेत कोंबली, दुसरी कोंबली, तिसरी कोंबली, वरून मूठ दाबली.

"काका, इकडे या. इथे दाबा. दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून. मी म्हणेपर्यंत हात काढायचा नाही."

दर्शन कडेला धरून ओकत होता. वसंतराव गुडघ्यांवर बसले आणि दाबलं. मुश्ताकने वायरलेसवर मदतीचा सोळा नंबर लावून जागा सांगितली, जखम सांगितली, पुन्हा सांगितली. इंजिनं पूर्ण वेगात सोडली. बोट उधळली तसा प्रत्येक लाटेला मुनीर कण्हायला लागला. वेग कमी करावा तर वेळ जात होता. वाढवावा तर हादऱ्याने म्हाताऱ्याचे हात सरकत होते. मुश्ताक थोडा कमी करायचा, थोडा वाढवायचा.

"भावजी, पाणी," मुनीर म्हणाला.

पोटाला जखम झालेल्याला पाणी द्यायचं नाही, हे वर्गात दोनदा शिकवलं होतं.

"थोडं थांब. आलोच आपण."

"तोंड सुकलंय."

वसंतरावांनी मुलाला हाक मारली, गळ्यातला रुमाल ओला करून मागितला, आणि एका हाताने तो मुनीरच्या ओठांवर फिरवला. मुश्ताकने पाहिलं. पुन्हा सुकाणूकडे वळला.

अर्ध्या वाटेत तटरक्षकांची बोट भेटली. त्यांचा माणूस उडी मारून आला, जखम पाहिली, वसंतरावांचे हात होते तसेच ठेवायला सांगितले आणि सलाइन लावलं. बंदराच्या बंधाऱ्याच्या आत शिरताना मुनीरने विचारलं, "आलो का?" मुश्ताक "आलो" म्हणाला. रुग्णवाहिकेपर्यंत नेईतो तो गेला होता.

हॉस्पिटलात डॉक्टरने मुश्ताकच्या खांद्यावर हात ठेवला. "आपने सब सही किया. अंदर की बड़ी नस थी. हॉस्पिटल के दरवाज़े पर होता तो भी मुश्किल था." त्यांनी मुश्ताकला हात धुवायला बेसिन दाखवलं.

संध्याकाळी पोलिसांकडे जबाब झाला. मध्ये उर्दू बोलणारा दुभाषी होता. तार मयताने हातात घेतली? घेतली. हातमोजे होते? होते. जॅकेट होतं? होतं. मासा उडाला? उडाला. प्रत्येक उत्तर खरं होतं. तार घे म्हणून कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. मुश्ताकने सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर दफन झालं. गावी न्यायचं तर कागदपत्रांत चार दिवस गेले असते. हर्णैहून बिलकीसची आई मैमुनाबी फोनवर एवढंच म्हणाली होती, "पोराला थांबवू नका. तोंड तेवढं दाखवा." हिबाने कफन बांधण्याआधी फोन धरला. म्हातारीला ऐकू फार कमी यायचं, त्यामुळे बोलणं कुणी केलंच नाही. ती पडद्यावर नुसती बघत राहिली आणि मग कुणीतरी तिकडून फोन बंद केला.

घरी माणसं यायला लागली. शारजाहून, दुबईहून, रत्नागिरीकडची सगळी. बायका आत बसायच्या. बिलकीसचा आवाज बाहेर मुश्ताकला ऐकू यायचा.

"यांनी काही कमी केलं नाही. डॉक्टरसुद्धा म्हणाले. चौदा वर्षं ती पेटी सांभाळतायत, लोक हसायचे. दुसरा कुणी असता तर तिथेच हातपाय गाळले असते. माझ्या भावाला यांनी किनाऱ्यापर्यंत तरी आणला."

मुश्ताक बाहेर दिवाणाशेजारी जमिनीवर बसून असायचा. दिवाणावर बसायला कुणी गेलं तर तो म्हणायचा, "खाली बसा, चटई घालतो."

एकदा बिलकीसने विचारलं, "पाणी मागितलं का त्याने?"

"मागितलं. द्यायचं नसतं. त्या काकांनी ओठ भिजवले."

"त्यांचं भलं होवो," ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, वसंतराव स्वतः आले. दर्शन गाडीतच बसून राहिला. म्हाताऱ्याने बिलकीसपुढे हात जोडले. बिलकीस दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही त्याचे ओठ ओले केलेत, काका. मी विसरणार नाही." म्हाताऱ्याला बसवेना. मुश्ताक त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला.

"उद्याचं विमान आहे," वसंतराव म्हणाले. मग आवाज उतरवून, "पोलिसांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, मी थकलो होतो, मला काही दिसलं नाही. दर्शनलाही म्हटलं, तू काही बोलू नकोस. तुमचंही घर आहे, त्याचंही आहे."

मुश्ताक गाडीच्या दाराला धरून उभा होता.

"हट्ट आमचा होता," म्हातारा म्हणाला. "तुम्ही नको म्हणत होता. ते मी ऐकलंय."

"त्यानंतरचंही ऐकलंत," मुश्ताक म्हणाला.

वसंतरावांनी मान हलवली आणि गाडीत बसले.

आठवड्याने अरबाबने बोलावलं. या वेळी अजीजने खुर्ची पुढे केली, चहा मागवला. अरबाबने मुश्ताकचे दोन्ही हात हातात घेतले. बोटीवरची पेटी बघून तटरक्षकांच्या अधिकाऱ्याने त्याच्याकडे मुश्ताकचं कौतुक केलं होतं. बंदरातल्या प्रत्येक बोटीवर अशी पेटी हवी, असं ठरत होतं. मुश्ताकने सगळ्या नाखव्यांना एकदा शिकवावं, ही अरबाबची इच्छा होती.

"फोटोही घेऊ," अजीज म्हणाला. "ऑनलाइन टाकू. आता लोक तुमचीच बोट मागतील, भाई, बघा तुम्ही."

मुश्ताकने चहा घेतला नाही. "कधी शिकवायचं?" त्याने विचारलं.

"परवा. अकरा वाजता. इन्शाल्ला सगळे येतील."

धक्क्यावर पत्र्याच्या शेडखाली दहा नाखवे जमले. केरळचे, बंगालचे, एक इराणचा, दोन कोकणातले. ऊन शेडच्या कडेपर्यंत आलं होतं. मुश्ताकने पेटी उघडली आणि एकेक वस्तू काढून ताडपत्रीवर मांडली. तो हिंदीतून सांगत गेला. पट्टा कुठे बांधायचा, वेळ लिहून कशी ठेवायची, पट्टा न चालणाऱ्या जागी पावडरीची पट्टी कशी कोंबायची. इथे तो थोडा अडखळला, पाणी प्याला आणि पुढे बोलला. अजीज फिरून फिरून फोटो घेत होता.

शेवटी केरळच्या एका म्हाताऱ्या नाखव्याने हात वर केला. त्याची स्वतःची दोन बोटं तारेने गेली होती.

"मुश्ताकभाई, पेटी ठीक है. एक बात पूछूँ? मुनीर को मैं जानता था. कच्चा आदमी नहीं था. मछली थकी नहीं थी, तो उसने तार पकड़ी कैसे?"

अजीजने फोन खाली केला.

"मैंने बोला," मुश्ताक म्हणाला. "उसने कहा था, ताज़ा है. मैंने बोला, पकड़."

म्हाताऱ्या नाखव्याने मान खाली घातली. इराणचा माणूस शेजाऱ्याला विचारत होता, काय म्हणाला, आणि शेजारी त्याला हळू आवाजात अरबीत सांगत होता. मुश्ताकने ताडपत्रीवरच्या वस्तू पुन्हा पेटीत भरल्या. एकेक, ज्या जागेची त्या जागेला. अजीज त्याच्यामागोमाग शेडबाहेर आला.

"भाई, काय केलंत हे? कुणी विचारत होतं का तुम्हाला? पोलिसांत जबाब झाला, फाइल बंद होत आली. आता अरबाबला कळणार. तो तुम्हाला बोटीवर ठेवणार नाही."

"मी उद्या पोलिसांत जाऊन जबाब बदलून घेतो."

"व्हिसा जाईल. आत टाकलं तर?"

"बघू. पण मी आता घरी जातो, अजीज. दुसऱ्या कुणाकडून तिला कळायच्या आत."

पेटी त्याने शेडखालीच ठेवली.

बिलकीस स्वयंपाकघरात खाली बसून सुरमई खारवत होती. शारजाच्या दोन घरांनी मुनीर असतानाच सांगून ठेवली होती. मोठ्या परातीत चिरलेले तुकडे होते, बाजूला जाड मीठ. हिबा ओट्यापाशी पुस्तक घेऊन उभी होती. मुश्ताक दाराच्या उंबऱ्याशी बसला.

"झाला वर्ग?" बिलकीसने विचारलं.

"बिलकीस, त्या दिवशी मुनीरने आपणहून तार धरली नव्हती."

तिचे हात चालू होते.

"मासा ताजा होता. तो पोरगा फोटो फोटो करत होता. अजीजने आधीच दम दिला होता की बोट जाईल. मी मुनीरला सांगितलं, धर."

मीठ चोळणारा हात थांबला.

"त्याने काही म्हटलं?"

"म्हणाला, भावजी, ताजा आहे अजून."

"मग?"

"मी म्हटलं, धर."

"अब्बा," हिबा म्हणाली, "यू टोल्ड अस…" आणि तिचं बोलणं राहिलं. ती पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. दिवाणावर बसल्याचा आवाज आला.

बिलकीस हातांकडे बघत होती. मिठाने बोटं पांढरी झाली होती.

"बारा दिवस," ती म्हणाली. "येईल त्या बाईला मी तुमचं कौतुक सांगतेय. तुम्ही बाहेर बसून ऐकत होतात."

"हो."

"एकदाही आत येऊन म्हणाला नाहीत, बिलकीस, गप्प बस."

ती उठली, बेसिनमध्ये हात धुतले, दोनदा साबण लावला. ओढणीला पुसले. फोन घेऊन त्याच्यापुढे धरला.

"अम्मीला सांगा. मी सांगणार नाही. तिला मी रोज सांगतेय की भावजीने जिवाचं रान केलं. आता तुम्हीच सांगा."

तिकडे फोन शेजारच्या कुणीतरी उचलला आणि मैमुनाबीच्या कानाला लावला.

"अम्मी, मी मुश्ताक."

"कोण?"

"मुश्ताक. अम्मी, एक सांगायचंय. मुनीरला तार धर म्हणून मी सांगितलं होतं."

"काय म्हणतोस? ऐकू येत नाही, बाबा. मोठ्याने बोल."

"मुनीरला मी सांगितलं होतं."

"मुनीरचं काय?"

खिडकी उघडी होती. समोरच्या घरातली पठाणाची मुलं गल्लीत खेळत होती, ती थांबून बघायला लागली. मुश्ताक उभा राहिला, फोन तोंडापुढे धरला आणि ओरडून म्हणाला, "मासा दमला नव्हता, अम्मी. तो नको म्हणत होता. मी त्याला धर म्हटलं. मी म्हटलं म्हणून त्याने धरला."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हातारी बोलली, आणि तिचा आवाज मोठा नव्हता.

"तुझा शब्द कधी मोडला नाही त्याने."

"नाही, अम्मी."

"बिलकीस आहे का तिथे?"

"आहे."

"तिला दे."

त्याने फोन दिला. बिलकीसने तो घेतला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचं ऐकू आलं. मग तिचं बोलणं, तुटक. "हां अम्मी." थोड्या वेळाने पुन्हा, "हां."

मुश्ताक स्वयंपाकघरात उभा राहिला. परातीतल्या अर्ध्या तुकड्यांना मीठ लागलं होतं, अर्धे तसेच होते, आणि उकाड्यात त्यांना पाणी सुटायला लागलं होतं. माश्या आल्या होत्या. त्याने बाह्या वर केल्या, खाली बसला, मुठीत मीठ घेतलं आणि एकेक तुकडा उचलून चोळायला लागला, आधी वरून, मग काट्याच्या कडेने आत. दार उघडलं नाही. सगळे तुकडे संपेपर्यंत तो चोळत राहिला.